क्षयरोगाचे उपचार आणि सरकारी यंत्रणेविषयी बदललेले माझे मत

सरकारी दवाखाना हा ज्यांना दुसरीकडे जाणे परवडत नाही त्यांच्यासाठी असतो, असे मत मी अनेक वर्षे बाळगून होते आणि ते नुसत्या ऐकीव गोष्टींवर उभे नव्हते. वडिलांच्या मांडीचे हाड मोडले तेव्हा एका सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेची तारीख सतत पुढे जात राहिली. आज भूलतज्ज्ञ नाहीत, उद्या सामान आलेले नाही असे ऐकत आम्ही व्हरांड्यात बसून राहिलो आणि अखेर पतसंस्थेचे कर्ज काढून त्यांना खासगी रुग्णालयात हलवावे लागले. त्यानंतर ताप असो वा बाळंतपण, आमच्या घरातले कोणी सरकारी दवाखान्याची पायरी चढले नाही. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. क्षयाचा जंतू कोणता, तो हवेतून कसा पसरतो, बीसीजीची लस कधी देतात हे मी मुलांना सांगत आले आहे. परंतु या रोगावरचे उपचार प्रत्यक्षात कोण पार पाडते आणि किती काटेकोरपणे पार पाडते, हे मला स्वतः रुग्ण झाल्यावरच समजले.

२०२४ च्या गणपतीनंतर मला खोकला सुरू झाला. संध्याकाळी अंगात कणकण येई, रात्री घामाने उशी ओली होई आणि भूक हळूहळू नाहीशी झाली. खडूच्या धुळीमुळे असेल असे सहकारी म्हणत आणि मलाही ते पटत होते. दिवाळीच्या सुमारास आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी एका नावाजलेल्या खासगी रुग्णालयात गेलो. तेथे मला एकामागून एक प्रतिजैविके देण्यात आली आणि त्यांत लिव्होफ्लॉक्सासिनही होते. हे औषध क्षयाच्या जंतूंवरही काही प्रमाणात काम करते, त्यामुळे रुग्णाला थोडे दिवस बरे वाटते, निदान मात्र लांबते आणि जंतूंना औषधाची सवय होण्याचा धोका निर्माण होतो, हे मला पुढे वाचनातून कळले. त्यानंतर सीटी स्कॅन झाले, रक्ताच्या महागड्या तपासण्या झाल्या आणि शेवटी क्षयरोग असावा, औषधे सुरू करून पाहू, असे सांगून एक लांबलचक चिठ्ठी हाती देण्यात आली. इतक्या तपासण्यांत बेडका कोणी तपासला नव्हता, औषधांची मात्रा लिहिताना माझे वजनही विचारले गेले नव्हते, आणि हे उपचार किती महिने चालतील याचे उत्तर ‘बघू पुढच्या भेटीत’ असे मिळाले.

ती चिठ्ठी घेऊन मी गावातल्या आमच्या डॉक्टरांकडे गेले. तीस-पस्तीस वर्षे त्याच गल्लीत दवाखाना चालवणारे हे गृहस्थ कमी बोलतात. त्यांनी सगळे कागद उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, “बाई, यात बेडक्याची तपासणी कुठे आहे? पहिली गोळी घेण्याआधी सरकारी दवाखान्यात जा, बेडका द्या आणि मग काय ते ठरवा.” मी कचरत आहे हे त्यांच्या लक्षात आले असावे, कारण पुढे त्यांनी असेही सांगितले की क्षयाच्या बाबतीत ते स्वतःच्या घरातल्या माणसालाही तेथेच पाठवतील. त्यांच्याविषयी मला कृतज्ञता वाटते आणि हे लिहिणे अशासाठीही आवश्यक आहे की खासगी वैद्यकात सगळेच सारखे असतात असे मला म्हणायचे नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गेले. केसपेपर काढण्यासाठी पाकीट उघडले तर खिडकीमागच्या ताईंनी पैसे लागत नाहीत असे सांगितले. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात निःशुल्क झाले आहेत, ही बातमी मी वाचली होती आणि आपल्याशी तिचा संबंध नाही म्हणून विसरूनही गेले होते. खोकल्याचे रुग्ण ओळखून त्यांना मास्क देऊन वेगळ्या बाकावर, खिडकीच्या कडेला बसवण्याची पद्धत तेथे होती. क्षयरोग विभागातल्या तंत्रज्ञ मुलीने मला झाकणाची डबी दिली आणि बेडका कसा काढायचा हे स्वतः करून दाखवले: आधी साध्या पाण्याने चूळ भरायची, उघड्या हवेत इतरांपासून दूर उभे राहायचे, खोल श्वास घेऊन थोडा रोखायचा आणि मग छातीतून खोकायचे, तोंडातली लाळ चालत नाही. एक नमुना त्याच वेळी आणि दुसरा घरून पहाटेचा. माझा पहिला नमुना तिने उजेडात धरून पाहिला, ही नुसती लाळ आहे असे शांतपणे सांगितले आणि पुन्हा पाठवले. काम चुकीचे झाले असेल तर ते परत करायला लावणारी व्यक्ती मला त्या आजारपणात प्रथमच भेटली, आणि शिक्षिका म्हणून मला त्याचे मोल लगेच कळले.

त्यांच्याकडे ट्रूनॅट नावाचे यंत्र होते. एका छोट्या चिपवर जंतूच्या डीएनएचा शोध घेणारे, बॅटरीवर चालू शकणारे हे यंत्र गोव्यातील मोलबायो या कंपनीने विकसित केले असून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. जंतू वाढवून पाहण्याच्या जुन्या पद्धतीला जेथे काही आठवडे लागतात, तेथे हे यंत्र जंतू आहे की नाही हे साधारण तासाभरात सांगते आणि आणखी तासाभरात रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्यावर चालेल की नाही हेही सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी मला फोन आला. क्षयाचे जंतू सापडले होते, रिफॅम्पिसिनला ते दाद देणार होते, आणि दुसऱ्या एका औषधाच्या तपासणीसाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे रवाना झाला होता. कित्येक आठवडे जी गोष्ट ‘असावा’ या शब्दावर अडकली होती तिचे उत्तर असे दोन दिवसांत मिळाले. त्यासाठी मला एक रुपयाही पडला नव्हता. तरी पैशापेक्षा मला जास्त भावली ती उत्तरातली स्पष्टता.

उपचार सुरू करण्यापूर्वी माझे वजन केले गेले, साखर तपासली गेली आणि एचआयव्हीची चाचणी करण्याविषयी विचारले गेले. या शेवटच्या प्रश्नाने मी क्षणभर दुखावले. क्षयरोग पर्यवेक्षकांना ते जाणवले असावे. ते म्हणाले, “मॅडम, हे प्रत्येक रुग्णाला विचारतो. तुम्हाला वगळले तर ज्याला खरी गरज आहे तोही म्हणेल, मलाच का विचारले?” या उत्तरावर माझ्याकडे प्रतिवाद नव्हता. त्यानंतर त्यांनी निक्षय या संगणकीय नोंदणीत माझे नाव, पत्ता, घरातली माणसे आणि दोन फोन क्रमांक घेतले. इतकी माहिती कशाला असे मी विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितले की तुम्ही गोळ्या न्यायला आला नाहीत तर आम्हाला तुमच्या घरी यावे लागते. ते वाक्य मला तेव्हा किंचित धमकीसारखे वाटले होते. पुढच्या महिन्यांत मला उमगले की माझे मत ज्या गोष्टीमुळे बदलले ती हीच होती.

औषधांची पद्धत समजून घेताना माझ्यातल्या विज्ञान शिक्षिकेला समाधान वाटले. पहिले दोन महिने चार औषधे एकाच गोळीत आणि पुढचे चार महिने तीन औषधे एकाच गोळीत, रोज, उपाशीपोटी. गोळ्यांची संख्या वजनावरून, म्हणजे ३५ ते ४९ किलोला तीन आणि ५० ते ६४ किलोला चार. मी त्या वेळी शेहेचाळीस किलो होते, त्यामुळे तीन. एकेक औषध वेगळे न देता एकत्र दिल्यामुळे रुग्णाला त्यातले नकोसे औषध तेवढे गाळता येत नाही, आणि जंतूंना एकाच औषधाशी झुंजून त्यावर मात करण्याची संधीही मिळत नाही. लघवी केशरी होईल, घाबरू नका. सांधे दुखतील, सांगा. लाल-हिरवा रंग ओळखण्यात फरक पडला, पायांना मुंग्या आल्या, डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना गेली तर लगेच फोन करा. असे सगळे त्यांनी तोंडी सांगितले आणि उपचार पत्रिकेवर आपला फोन क्रमांक लिहून दिला. आधीच्या रुग्णालयाच्या फाईलवर स्वागतकक्षाचा क्रमांक होता. येथे प्रत्यक्ष माणसाचा होता.

पोषणासाठी मिळणाऱ्या पैशांचा विषय निघाला तेव्हा मी नको म्हणाले. निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. मला पगार मिळतो, ते कोणा गरजूला द्या, असे माझे म्हणणे होते. पर्यवेक्षकांनी समजावले की ही मदत उत्पन्न पाहून दिली जात नाही, ती उपचारांचाच भाग आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांना धान्य आणि पूरक आहार देऊन केलेल्या अभ्यासाविषयी मी मागाहून वाचले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चांगला आहार मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटलेले दिसले. अन्नाला औषधाइतके महत्त्व देणारी चिठ्ठी मला त्याआधी कोणी दिली नव्हती. मी बँकेचे पासबुक आणि आधार कार्डाची प्रत नेऊन दिली, आणि आलेल्या रकमेतून अंडी, शेंगदाणे आणि डाळी घेत राहिले.

घरातल्या गोष्टी मात्र सोप्या नव्हत्या. सासूबाईंचे एक दीर तरुणपणी मिरजेजवळ वानलेसवाडीच्या क्षयरोग आरोग्यधामात राहिले होते आणि त्यांची ताटवाटी घराबाहेरच्या कोनाड्यात ठेवली जाई, ही आठवण त्यांच्या मनात पक्की होती. त्यांनी माझे ताट, तांब्या आणि अंथरूण वेगळे काढले. त्यात दुष्टावा नव्हता, नातवाविषयीची भीती होती. पर्यवेक्षक आणि आमच्या भागातल्या आशाताई घरी येणार होते तेव्हा त्यांनी आधी फोन करून विचारले की शेजारी कोणी विचारले तर आम्ही कोण म्हणून सांगायचे. त्या एका प्रश्नात जी समज होती ती मला फार मोठी वाटते. घरी आल्यावर त्यांनी सासूबाईंना आपल्यासमोर बसवून घेतले आणि आजी, आजार भांड्यांतून पसरत नाही, खोकल्यातून हवेत जातो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा, खोकताना सूनबाईंनी तोंड झाकावे आणि गोळी एकही दिवस चुकू देऊ नये, एवढेच सांगितले. भारताने या बाबतीत जगाला काही शिकवले आहे, हेही मला पुढे वाचायला मिळाले. तत्कालीन मद्रासमध्ये १९५६ पासून झालेल्या आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की घरी राहून नियमित औषधे घेणारा रुग्ण आरोग्यधामात ठेवलेल्या रुग्णाइतकाच बरा होतो आणि त्याच्या घरच्यांना त्यामुळे जास्त धोका होत नाही. आमच्या चुलत सासऱ्यांची पिढी ज्या एकांतात राहिली तो एकांत त्या अभ्यासानंतर जगभर हळूहळू संपत गेला.

त्याच भेटीत घरातल्या सर्वांची चौकशी झाली. सासूबाईंना मधुमेह असल्यामुळे त्यांच्या छातीचा एक्स-रे प्राधान्याने काढला गेला, आणि कोणालाही आजार नाही याची खात्री झाल्यावर त्यांना, माझ्या पतींना आणि मुलाला प्रतिबंधक औषध सुरू झाले. मुलगा आठवीत होता. त्याने रोज गोळी घेण्याविषयी बरीच कुरकुर केली आणि आशाताईंनी प्रत्येक वेळी आमच्याआधी त्याला गाठून विचारले. आधीच्या रुग्णालयात माझ्या मुलाचे अस्तित्व कोणाला ठाऊक नव्हते. त्यांच्या लेखी आजार माझ्या फुप्फुसापुरता होता. येथे तो एका घराचा होता. शाळेतही मुख्याध्यापकांशी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्वतः बोलून मी कधी कामावर येऊ शकेन हे स्पष्ट केले, त्यामुळे रजेनंतर रुजू होताना मला कोणासमोर अवघडावे लागले नाही.

उपचारांचा पहिला महिना संपत असताना मला मळमळ वाढली, चहासुद्धा पोटात ठरेना, आणि एका रविवारी आरशात डोळे पिवळसर दिसले. पर्यवेक्षकांना फोन केला. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सगळ्या गोळ्या बंद करायला सांगितल्या आणि सकाळी रुग्णालयात यायला सांगितले. सोमवारी मी पोहोचण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्यांनी कळवून ठेवले होते. रक्ताच्या तपासणीत यकृताची विकरे सामान्य मर्यादेच्या पाचपटीहून वर गेलेली आढळली. क्षयाच्या चार औषधांपैकी तीन यकृताला त्रास देऊ शकतात, आणि अशा वेळी कोणते औषध अपराधी आहे हे शोधून काढावे लागते. मला जिल्ह्यातल्या एका मोठ्या शासकीय रुग्णालयात पाठवले गेले. तेथील वॉर्ड गर्दीचा होता, स्वच्छतागृहाची अवस्था वाईट होती, आणि रात्री दोन खाटांच्या मध्ये नातेवाइकांची अंथरुणे पसरलेली असत. हे सगळे जसे होते तसे लिहिले पाहिजे. परंतु त्याच वॉर्डमध्ये एका तरुण निवासी डॉक्टरने माझ्या खाटेच्या कडेला बसून कागदावर पुढचे वेळापत्रक काढून दिले. यकृत पूर्ववत होईपर्यंत थांबायचे, मग पहिल्यांदा रिफॅम्पिसिन, काही दिवसांनी रक्त तपासून आयसोनियाझिड, पुन्हा रक्त तपासून पायराझिनामाइड. प्रत्येक पायरीवर काय दिसले तर थांबायचे हेही त्यात लिहिले होते. मी शिकवते म्हणून त्यांनी मला तसे समजावले असेल अशी शंका मनात आली होती, पण शेजारच्या खाटेवरच्या, अक्षरओळख नसलेल्या ऊसतोड मजूर बाईंना त्यांनी तीच गोष्ट बोटांवर मोजून, तितकाच वेळ देऊन सांगितलेली मी पाहिली.

औषधे एकेक करून परत सुरू झाली आणि सुदैवाने सगळी सोसली. घरी परतल्यावर त्याच आठवड्यात आशाताई दारात उभ्या होत्या. मला दाखल केल्याची, सुट्या गोळ्या सुरू असल्याची आणि पुढच्या रक्ततपासणीच्या तारखेची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. खंड पडला तेवढे उपचार पुढे वाढवले गेले. पुढे वजन पन्नास किलोच्या वर गेले तेव्हा काट्यावरचा आकडा पाहून पर्यवेक्षकांनीच वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगितले आणि गोळ्या तीनच्या चार झाल्या. मला त्याची आठवणही नव्हती.

याच काळात मी पूर्वीच्या खासगी रुग्णालयाचा विचार अनेकदा केला. त्यांनी क्षयाचा संशय घेतला, चिठ्ठी दिली, आणि मी परत गेले नाही. त्यानंतर मला कोणाचाही फोन आला नाही. मी दुसरीकडे उपचार घेत आहे, की अर्धवट सोडले आहेत, की वर्गातल्या मुलांमध्ये जंतू पसरवत आहे, हे जाणून घेणे त्यांच्या व्यवस्थेत कोणाचेच काम नव्हते. क्षयरुग्णाची माहिती शासनाला कळवणे खासगी डॉक्टरांवर २०१२ पासून बंधनकारक आहे आणि तरीही माझे नाव तेथून कळवले गेले नव्हते. मी हे एका रुग्णालयाविषयीच्या रागातून लिहीत नाही. डॉ. मुकुंद उपलेकर यांच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुंबईतल्या शंभरेक खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० वेगवेगळ्या प्रकारचे औषधोपचार लिहिल्याचे दिसले होते. जवळजवळ वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा १०६ डॉक्टरांकडून ६३ प्रकार आले आणि त्यांपैकी केवळ ६ जणांची चिठ्ठी बरोबर निघाली. हे वाचल्यावर माझ्या हातातली ती लांबलचक चिठ्ठी मला नव्याने दिसली. जो येईल त्याला तपासायचे आणि जो येणार नाही त्याचा विचार करायचा नाही, या रचनेत कितीही हुशार डॉक्टर असले तरी सहा महिने चालणारा संसर्गजन्य आजार हाताळणे कठीण आहे.

सरकारी कार्यक्रमही पहिल्यापासून असा नव्हता. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ पासून होता, पण उपचार पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण कमी राहिल्यामुळे त्याची फेररचना करावी लागली. सुधारित कार्यक्रम १९९७ मध्ये सुरू झाला आणि २००६ पर्यंत देशभर पोहोचला. तेव्हा गोळ्या आठवड्यातून तीनदा देत आणि २०१७ पासून त्या रोज देऊ लागले. म्हणजे ही यंत्रणा स्वतःची पद्धत तपासून बदलत आली आहे. माझ्या मनातली सरकारी दवाखान्याची प्रतिमा मात्र वडिलांच्या त्या व्हरांड्यात थांबली होती, आणि त्या व्हरांड्यातला अनुभव खरा असूनही तो या कार्यक्रमाला लागू नव्हता.

उणिवा मला दिसल्या आणि त्या लहान नाहीत. एक्स-रेची फिल्म मिळत नाही, पडद्याचा फोटो मोबाइलवर काढून न्यावा लागतो. पोषणाची रक्कम बँक खात्यावरच्या नावाची मांडणी जुळेपर्यंत आली नाही, आणि ज्या रुग्णाला त्या पैशांचीच वाट पाहायची आहे त्याचे अशा वेळी काय होत असेल याची मला चिंता वाटते. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये देशात अनेक ठिकाणी क्षयाच्या औषधांचा तुटवडा झाला होता. ज्या आजारात एक दिवसाचा खंडही टाळायला सांगतात त्यात असे घडणे अक्षम्य आहे, हे माझे मत उपचार घेतल्यानंतर अधिक तीव्र झाले आहे. सर्वांत जास्त खंत वाटते ती माणसांविषयी. माझा पाठपुरावा करणारे पर्यवेक्षक कंत्राटी आहेत, स्वतःच्या दुचाकीवर गावोगाव फिरतात. आशाताईंना पगार नव्हे, मानधन आणि कामाच्या हिशेबाने मोबदला मिळतो. ज्या कामामुळे ही यंत्रणा खासगी रुग्णालयाहून सरस ठरते ते नेमके याच लोकांच्या खांद्यावर आहे आणि त्यांचीच नोकरी सर्वांत कच्ची आहे. खासगीकडे जाणाऱ्या आमच्यासारख्या पगारदारांनी सरकारी दवाखान्याकडे पाठ फिरवली की तेथील औषधांच्या, स्वच्छतेच्या आणि या नोकऱ्यांच्या प्रश्नांवर बोलणारे लोकही कमी होतात, असे मला आता ठामपणे वाटते.

सगळ्या सरकारी रुग्णालयांविषयी माझे मत बदलले आहे असे मी म्हणणार नाही. उद्या घरात कोणाचे हाड मोडले तर कुठे जायचे याचा विचार मी त्या वेळी, तेथे कोणते डॉक्टर आहेत हे विचारून करीन. परंतु आता तो विचार करताना सरकारी रुग्णालयाचे नाव यादीतून आपोआप गळणार नाही. सासूबाईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया गेल्या हिवाळ्यात आम्ही चौकशी करून सरकारी रुग्णालयातच करून घेतली, आणि हा निर्णय पैशांसाठी नव्हता.

उपचार संपताना बेडका पुन्हा तपासला गेला आणि जंतू आढळले नाहीत. त्यानंतरही सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी तपासणीसाठी बोलावतात. पहिली झाली आहे, पुढचीची तारीख पर्यवेक्षकांच्या नोंदीत आहे. शाळेत मी माझ्या आजाराविषयी उघडपणे बोलते, त्यामुळे पालक विचारायला येतात. परवा नववीतल्या एका मुलीचे वडील आले होते. त्यांना दीड महिन्यापासून खोकला आहे आणि औषधाच्या दुकानातून सिरप आणून ते घेत आहेत. मी त्यांना क्षयरोग विभागाची खोली कुठल्या बाजूला आहे ते सांगितले, आधार कार्ड आणि पासबुक बरोबर ठेवायला सांगितले, आणि सोमवारी सकाळी पहिल्या तासाआधी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.